टॉवेलाखालचा कॅमेरा

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात रंगीत स्लाइडी काढणारा एकच माणूस होता, तोवर सगळं ठीक चाललं होतं. मग दोन झाले.

पहिल्याचं नाव रंगनाथ. पेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे, मुंजीचे, शाळेच्या फॉर्मवर चिकटवायचे फोटो तो पोटासाठी काढायचा, पण त्याचा जीव होता स्लाइडींवर. स्लाइड म्हणजे कागदावर छापलेला फोटो नव्हे. तिची फिल्म धुतली की तिच्यावरच रंगीत चित्र उमटून येतं. तिचे तुकडे करायचे, एकेक तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचा आणि प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे धरायचा. पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र मग भिंतीएवढं होतं. फिल्मचा स्वभाव मात्र सासूसारखा. उजेड जरा जास्त दिला की रंग उडाले, जरा कमी दिला की अंधार, आणि मागाहून कितीही हातापाया पडलं तरी सुधारून मिळत नाही.

दिवाळी झाली की पहिल्या रविवारी दिवेलागणीला शाळेच्या मोठ्या खोलीत रंगनाथ आपल्या स्लाइडी गावाला दाखवायचा. प्रोजेक्टर त्याचाच, गावात तेवढा एकच. भिंतीवर पांढरं धोतर ताणायचं आणि खिडक्यांना घोंगड्या लावायच्या. एका वर्षी त्यानं देवळाची स्लाइड चुकून उलटी घातली, तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वाकड्या करून खाली लोंबणाऱ्या कळसाला नमस्कार केला. इतका गावाचा त्याच्यावर विश्वास! चांगली स्लाइड पडली की खोलीभर ‘आहाहा’ उठायचं. रंगनाथ प्रोजेक्टरमागे उभा राहून ते ‘आहाहा’ पोटभर ऐकायचा. वर्षभर त्याला तेवढं पुरायचं.

दुसऱ्याचं नाव अनंता कासार. पेठेतच त्याचं बांगड्यांचं दुकान. दिवसभर रंगांत बसलेला माणूस. कुठल्या मनगटाला कुठला रंग खुलेल ते बाई दारात आली की त्याला कळायचं. त्याच्या मेहुण्यानं त्याला एक जुना कॅमेरा दिला. अनंता तो घेऊन सरळ रंगनाथकडे आला आणि म्हणाला, “दादा, मला शिकवा.”

रंगनाथनं शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. त्या वेळी तो चांगलाच होता. “हे बघ, फिल्म घातली, झाकण लावलं, दांडी ओढून फिल्म पुढं सरकवली, की ही डावीकडची कळ आपोआप फिरली पाहिजे. नाही फिरली तर फिल्म आत अडकलेलीच नाही समज. वरचा आकडा पुढं जात राहील, खटका वाजत राहील, आणि फोटू एक यायचा नाही. आकड्यावर भरवसा ठेवू नकोस, कळीवर ठेव.”

अनंतानं ते मनात धरून ठेवलं.

त्या दिवाळीनंतर रंगनाथच्या स्लाइडी संपल्यावर अनंतानं आपल्या मोजक्याच लावल्या. एकीत दारात वाळत घातलेलं हिरवं लुगडं होतं, त्यामागून सकाळचं ऊन आलेलं. बाकी काहीच नव्हतं. पण खोलीत ‘आहाहा’ उठलं, आणि ते रंगनाथच्या ‘आहाहा’पेक्षा लांबलं. एक म्हातारी तर म्हणाली, “बया, हात लावला तर ओलं लागंल!”

रंगनाथ प्रोजेक्टरमागे उभा होता. स्लाइड अनंताची, पण दिवा आपला, धोतर आपलं, विद्यासुद्धा आपलीच. आणि ‘आहाहा’ गेलं परक्याच्या पदरात. त्या संध्याकाळी त्याच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर वैद्याकडे औषध नव्हतं.

मत्सर माणसाला मोठा उद्योगी करतो. रंगनाथ दिवसातून तीनदा कासाराच्या दुकानावरून जाऊ लागला, काम नसताना. अनंताच्या कॅमेऱ्यावर कसली तरी परदेशी काच आहे, असं त्यानं स्वतःला पटवून दिलं. एकदा न राहवून विचारलंही, “रंग कसे येतात रे तुझे?”

अनंता हसून म्हणाला, “दादा, बांगडी भर उन्हात दाखवली तर रंग पळतो, दिव्याखाली दाखवली तर फसवतो. म्हणून मी बायांना दाराशी बोलावतो, सावलीत. फोटूचं पण तेच करतो. उजेड मऊ होईपर्यंत बसून राहतो.”

हे खरं होतं, पण इतकं साधं खरं रंगनाथच्या गळी उतरेना. ‘लबाड आहे, काच दाखवत नाही,’ असं म्हणत तो घरी गेला आणि बायकोला सांगून मोकळा झाला, “यापुढं अनंताकडून बांगड्या भरायच्या नाहीत.”

त्याची बायको भागीरथीबाई. बोलायला मऊ, पण बोललेलं लागायचं. गावात दुसरा कासार नव्हता. तिनं आपल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, “तुमच्या फोटूपायी मी रिकाम्या हातानं हिंडू होय?”

भागीरथीबाई दुसऱ्याच दिवशी अनंताकडे जाऊन डझनभर बांगड्या भरून आली.

तर असं चाललं असताना कारवीचं वर्ष आलं.

त्या गावावरच्या पठारावर कारवी माजलेली असे. एरवी ती साधी झुडपं. कुडाच्या भिंतीला उपयोगी पडायची. पण सात वर्षांतून एकदा, पावसाळा सरता सरता ती सगळी एकदम फुलायची आणि अख्खं पठार जांभळं-निळं व्हायचं. फुलून झालं की झुडपं वाळून जायची, आणि मग पुन्हा सात वर्षं वाट बघायची. गावातली जुनी माणसं वयसुद्धा कारवीवर मोजायची. अमका पाच कारव्यांचा, तमकीनं दहा कारव्या पाहिल्या, अशी भाषा.

भागीरथीबाई लग्न होऊन आली ती कारवीच्याच वर्षी. नवी नवरी म्हणून सासूनं तिला पठारावर नेऊन ओटीत फुलं घातली होती. पण आता तिचे गुडघे गेले होते आणि छातीतही धाप लागायची. घाट चढणं सोडाच, आडावर जाऊन येणंही होईना. श्रावणात वरून गुराखी पहिली फुलं घेऊन आला तेव्हा तिनं ती नाकाशी धरली आणि नवऱ्याला म्हणाली, “अवो, मला एकदा सगळं पठार बघायचंय. पुढच्या कारवीला मी असंन का नसंन. भिंतीवर दाखवाल ना?”

“दाखवीन,” रंगनाथ म्हणाला. “तुझ्यासाठी म्हणून काढीन.”

हे बोलताना त्याच्या मनात खरोखर बायकोच होती. पण मनात तिच्या शेजारी अनंताही येऊन बसला होता, त्याला काय करणार! ‘यंदा अशी कारवी दाखवतो, की हिरवं लुगडं गाव विसरून जाईल,’ असंही रंगनाथ मनात म्हणाला.

स्लाइडची फिल्म शहरातून मागवावी लागे आणि त्या साली ती सहजी मिळत नव्हती. रंगनाथला एकच रोल मिळाला. फूल पुरतं भरात आल्यावर, पाऊस उघडलेली सकाळ बघून त्यानं वर जायचं ठरवलं. पहाटे तो ओट्यावर बसून कॅमेऱ्यात रोल घालत होता. एवढ्यात समोरून अनंता गेला, खांद्याला कॅमेरा आणि डोक्याला कानांवरून बांधलेली टापर.

“दादा, येताय ना? बरोबरच जाऊ,” त्यानं हाक मारली.

“तू हो पुढं,” रंगनाथ म्हणाला खरा, पण तो पुढं झालेला त्याला बघवेना. आपल्या आधी हा वर पोचणार, चांगली जागा धरणार! रंगनाथनं फिल्मचं टोक कसंबसं खाचेत सारलं, झाकण खटकन लावलं आणि तिपाई काखेत मारून निघाला. दांडी ओढल्यावर कळ फिरते की नाही, ते बघायचं राहिलं. जन्मात कधी राहिलं नव्हतं.

पठारावर पोचला तर चहूकडे कारवी. कमरेपर्यंत फुलंच फुलं, वरून ढगांची सावली सरकतेय, मधमाश्यांचा घूंऽऽ आवाज भरून राहिलाय. कुणीही उभं राहून बघत बसलं असतं. रंगनाथनं पहिल्यांदा काय बघितलं, तर अनंता कुठं उभा आहे ते.

अनंता एका खडकावर नुसता बसला होता, उजेड मऊ व्हायची वाट बघत. रंगनाथला वाटलं, हा आपल्यावर पाळत ठेवतोय. आपण उजेड किती देतो, खटका कधी दाबतो, सगळं टिपतोय. त्यानं तिपाई मांडली, कॅमेरा लावला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून वर टाकला. मग जुन्या काळच्या पेटीकॅमेरेवाल्यासारखं टॉवेलात डोकं घालून तो फोटो काढू लागला. एक काढायचा, डोकं बाहेर काढून अनंताकडे बघायचा, परत आत जायचा. आत अंधूक उजेड. दांडी ओढल्याचं हाताला कळत होतं, आकडा पुढे सरकताना दिसत होता. डावीकडच्या कळीकडे बघायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

थोड्या वेळानं अनंता पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आला. वाऱ्यानं टॉवेलाचं टोक उडालं होतं आणि रंगनाथ नेमका दांडी ओढत होता. अनंताची नजर कॅमेऱ्यावर गेली आणि तो दचकला.

“दादा, ती कळ…”

रंगनाथनं झटकन टॉवेल खाली ओढला. “काय बघतोस?”

“अवो, तुमची डावीकडची कळ फि—”

“माझी कळ मला ठावी! तुला मीच शिकवली! तुझं तू बघ, माझ्यात तोंड घालू नकोस!”

“पण दादा, ऐका तर—”

“जातोस का नाही?”

अनंता तांब्या खडकावर ठेवून लांब निघून गेला. लांबून एकदा त्यानं मागं वळून बघितलं आणि आपला कॅमेरा उचलला. रंगनाथ त्याच्याकडेच डोळे वटारून बघत होता, तो गेल्याची खात्री होईपर्यंत.

आकडा शेवटाला आल्यावर रंगनाथनं रोल गुंडाळला. गुंडाळताना हाताला ओढ लागायला हवी होती. ती लागली नाही. रोज करणाऱ्या हाताला हे लगेच कळतं, पण हात कळवतोय कुणाला? मालक तर खडकामागं अनंता काय करतोय ते बघत होता.

रोल शहरात धुवायला गेले. दोघांचे एकाच गाडीनं गेले आणि दिवाळीनंतरच्या त्या पहिल्या रविवारी दुपारी एकाच गाडीनं परत आले. पठारावर तोवर एक फूल उरलं नव्हतं, नुसत्या काटक्या. रंगनाथनं एसटी स्टँडवरच पाकीट फोडलं. आतून चौकटीतल्या स्लाइडी निघाल्या नाहीत. निघाली एक लांब, न कापलेली पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट. स्लाइडच्या फिल्मला उजेड लागलाच नाही, तर ती काळी निघते. हे गावात रंगनाथएवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच्या मनात पहिलं आलं ते हे, की अनंतानंच काहीतरी केलं. तो पट्टी नाचवत कासाराच्या दुकानात शिरला. बायका बांगड्या भरत होत्या, त्यांनी हात मागे घेतले.

“काय केलंस माझ्या रोलाला? बोल!”

अनंतानं पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “दादा, तुमची कळ फिरत नव्हती. मी तेच सांगाया आलो होतो. तुम्ही टॉवेल टाकला.”

रंगनाथला पठार आठवलं, तांब्या आठवला, ‘तुझं तू बघ’ आठवलं. पण बघा माणसाचं मन! लाज वाटायची ती बाजूलाच राहिली आणि पोटातली आग आणखी भडकली. आता संध्याकाळी भिंतीवर कारवी दिसणार ती याची. ‘आहाहा’ होणार ते याचं. आणि दिवा मात्र आपला!

संध्याकाळी खोली भरली. दोघीतिघींनी धरून भागीरथीबाईला आणलं आणि पुढच्या रांगेत खुर्चीवर बसवलं. तिनं मुद्दाम कारवीच्या रंगाच्या बांगड्या भरल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगत होती, “आमच्या यांनी माझ्यासाठी कारवी आणलीय वरनं.” रंगनाथनं तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

घोंगड्या लागल्या. रंगनाथ प्रोजेक्टरमागे गेला. त्यानं झाकण उघडलं, आतला दिवा रुमालात धरून काढला आणि गुपचूप खिशात टाकला. मग जरा खाकरून म्हणाला, “मंडळी, दिवा गेला. यंदा काही व्हायचं नाही.”

“दुसरा नाही का रं?” मागून कुणीतरी विचारलं.

“नाही.”

खोलीत हळहळ झाली. अनंता आपली स्लाइडींची डबी हातात घेऊन कोपऱ्यात उभा होता. माणसं उठू लागली. तेवढ्यात भागीरथीबाई मागं वळून नवऱ्याला म्हणाली, “असू द्या. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पुढच्या कारवीला बघीन.”

ती हे हसून म्हणाली. पण पुढची कारवी म्हणजे सात वर्षं, आणि एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. रंगनाथचा हात खिशातल्या दिव्यावर होता. तो दिवा थंड होता, तरी त्याला चटका बसला. अनंताचं ‘आहाहा’ अडवायला आपण कुणाच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला, हे त्याला त्या क्षणी दिसलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

“थांबा,” तो म्हणाला. “बसा सगळे. दिवा गेलेला नाही. मीच काढलाय.”

कुणाला काही कळेना. रंगनाथनं सगळ्यांदेखत खिशातून दिवा काढून परत बसवला. मग म्हणाला, “माझा रोल काळा निघाला. चूक माझीच. अनंतानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. भागीरथी, माझ्याकडं कारवी नाही गं. अनंताकडं आहे. अनंता, डबी दे.”

अनंताची पहिली स्लाइड रंगनाथनं आपल्या हातानं घातली, सुलट बघून, फुंकर मारून. भिंतीवर पठार उघडलं. ढगांची सावली, मऊ उजेड, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत जांभळी-निळी कारवी. भागीरथीबाईनं दोन्ही हात तोंडावर नेले. “हीच की! अगदी अशीच होती. सासूबाई इथंच उभ्या होत्या,” ती म्हणाली आणि रडू लागली. एकामागून एक स्लाइडी पडत गेल्या. खोलीत ‘आहाहा’ उठत होतं आणि रंगनाथ पुढची स्लाइड घालत होता.

शेवटची पडली आणि खोलीत खसखस पिकली. फुलांच्या समुद्रात मधोमध रंगनाथ उभा. शेजारी तिपाईवर टॉवेल पांघरलेला कॅमेरा. कारवीकडे त्याची पाठ, आणि डोळे वटारून तो सरळ बघणाऱ्याकडेच बघतोय.

“दादा, राग धरू नका,” अनंता चाचरत म्हणाला. “गावच्या कारवीत तुम्ही नाहीत, हे बरं दिसंना म्हणून ठेवली.”

भागीरथीबाईनं डोळे पुसून नीट निरखून बघितलं. मग तिनं विचारलं, “अवो, सात वर्षांनी एवढी कारवी फुललीय, आणि तुम्ही बघताय तरी कुणाकडं?”

सगळी खोली हसली. रंगनाथ हसला नाही. तो त्या चित्राकडे बघत राहिला. अख्खी सकाळ तो त्या फुलांत होता, आणि त्यातलं एक फूल त्याला आठवत नव्हतं.

मग तो प्रोजेक्टरमागून बाहेर आला. “अनंता, तू चालव,” तो म्हणाला. “पहिल्यापासून लाव परत. मी बघितलीच नाही कारवी.”

तो जाऊन बायकोच्या खुर्चीशी जमिनीवर बसला. पहिली स्लाइड पुन्हा पडली. या वेळी सगळ्यांच्या आधी जे ‘आहाहा’ आलं, ते त्याचं होतं.

तात्पर्य: दुसऱ्याला मिळणाऱ्या वाहवेवर ज्याची नजर खिळते, त्याला समोर फुललेलं दिसत नाही आणि आपली चूकही दिसत नाही. मत्सर करणाऱ्याचा रोल दुसरा कोणी काळा करत नाही. टॉवेल तोच टाकतो.